घाटाचा हंगाम पावसाबरोबर संपत नाही

नाशिककरांच्या लेखी भंडारदऱ्याचे हंगाम दोनच: मृगाच्या आगेमागे काजवे आणि आषाढ-श्रावणात धबधबे. दसरा उलटला की घोटीहून बारीकडे वळणाऱ्या गाड्या विरळ होतात. माझे म्हणणे याच्या उलट आहे. सह्याद्री गाडीरस्त्याने पाहायचा असेल तर कार्तिक ते माघ हेच खरे महिने, आणि त्यांतही शनिवार-रविवार सोडून इतर वार.

पहिले कारण डोळ्यांचे. पावसाळ्यात कळसूबाईचे 1646 मीटर उंचीचे शिखर दिवसचे दिवस ढगांत असते. हवा कोरडी झाली की डोंगर उघडा पडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा कातळ घडला. कठीण थरांचे उभे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले, म्हणून या डोंगरांना पायऱ्यांचा आकार आहे. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाला शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा वळसा घालताना हे थर, रतनगडाचे नेढे आणि अलंग-मदन-कुलंगची रांग दिसत राहते. साम्रदची सांदण दरी म्हणजे कातळात खोल चिरलेली अरुंद घळ. पावसात तिच्यातून पाण्याचा लोंढा वाहतो आणि आत उतरणे जिवावर बेतू शकते. म्हणजे या मुलखातले सर्वांत विलक्षण ठिकाण आपण ज्याला हंगाम म्हणतो त्या काळात पाहताच येत नाही.

धबधबे आटल्यावर उरते काय, असा आक्षेप येईल. धबधबे जातात हे मान्यच. पण कार्तिकात भाताची कापणी आणि खळी असतात, आणि माघ सरता सरता पळस, पांगारा, काटेसावर फुलू लागतात. नोकरदाराला मधला वार कसा जमावा, हा प्रश्न अधिक रास्त आहे. त्याने एक रजा इकडे वळवावी. तेही न जमले तर पौषातला रविवार श्रावणातल्या रविवारपेक्षा कितीतरी मोकळा असतो. तिसरी शंका अशी की सगळेच हिवाळ्यात गेले तर गर्दी तिकडे सरकेल. पण तीच माणसे चार शनिवार-रविवारांऐवजी चार महिन्यांत विभागली, तर कोंडी सुटते आणि गावातल्या खानावळीला, तंबूवाल्याला, वाटाड्याला रोजचे काम मिळते. काजव्यांनाही उसंत मिळते: त्यांचे मीलन प्रकाशाच्या खुणांवर चालते आणि गाड्यांच्या दिव्यांनी त्या खुणा पुसल्या जातात.

मात्र कोरडे महिने म्हणजे सगळेच महिने नव्हेत. होळीनंतर डोंगरवाड्यांत पाण्याची ओढ सुरू होते. धरण शेजारी असले तरी उंचावरच्या वाडीला हंड्यासाठी चालावे लागते. तेव्हा पाहुण्यांनी तिथल्या पाण्यावर भार टाकू नये. आणि शासनाकडे मागणी एकच: पावसाने उखडलेले घाटरस्ते दिवाळीपूर्वी दुरुस्त व्हावेत. मार्चअखेर निधी संपवण्यासाठी डांबर पडते आणि जूनच्या सरींत ते वाहून जाते, तेव्हा ना पर्यटकाला रस्ता मिळतो ना साम्रदच्या बाळंतिणीला. वर्षभर टिकणारा रस्ता आधी तिच्यासाठी हवा. हिवाळी पर्यटन त्याच्या मागून आपोआप येईल.