गाडी उलाळ आहे, बॉस!

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिमोटची बगी पळवणं म्हणजे काही ऑफ-रोडिंग नव्हे. खाली गुळगुळीत फरशी, गाडी बोट दाखवाल तिकडे वळते. खरी परीक्षा मातीत. आणि माती बघायची तर आमच्या आजोळी, कळवणला यावं. नाशिकहून दिंडोरी, वणी, मग नांदुरीला सप्तशृंगगडाचा फाटा सोडून सरळ पुढे. उन्हाळ कांदा निघाला की मे महिन्यात रानं मोकळी होतात. वर बोटभर फुफाटा, खाली कडक जमीन, मध्येच वाफ्यांचे वरंबे. असा सही ट्रॅक पैसे मोजूनही मिळायचा नाही.

इथे माझा नववीतला पुतण्या त्याची बगी पळवतो. टू-व्हील ड्राइव्ह, मोटर मागे. सुट्टीत घरच्या चाळीत कांदा निवडून साठवलेल्या पैशांची गाडी, त्यामुळे तिला खेळणं म्हटलेलं त्याला चालत नाही. तक्रार एकच : थ्रॉटल दिला की वळतच नाही, थेट बांधात घुसते. उरलेले पैसे घालून आणखी दमदार मोटर घ्यायची, हे त्याचं पक्कं ठरलेलं.

ओट्यावर बसलेल्या मामांनी दोन फेऱ्या पाहिल्या आणि नातवाला म्हणाले, "तुनी गाडी उलाळ शे."

बैलगाडीत मागच्या बाजूला माल जास्त झाला की पुढचा भाग वर उचलला जातो, त्याला उलाळ म्हणतात. कॉलेजात 'वेट ट्रान्सफर' इतक्या कमी शब्दांत कुणी शिकवला नव्हता. वेग घेताना भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि हलकं चाक फुफाट्यात नुसतं घसरतं. अशात दमदार मोटर बसवली, तर गाडी बांधात आणखी जोरात आपटणार, एवढंच!

मग आम्ही स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला (मामींची परवानगी काढून). मागची चाकं काट्यावर, पुढच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं. बॅटरीसकट गाडी 1,500 ग्रॅम, त्यातले 930 मागे, 570 पुढे. बॅटरी 300 ग्रॅमची. ती 3 सेंटीमीटर पुढे सरकवून मागे फोम ठासला. दोन आसांमधलं अंतर 28 सेंटीमीटर, म्हणजे साधारण 32 ग्रॅम भार मागून पुढे गेला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आता गाडी वळणावर नाक आत घालते. भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडी वजनं लावतात, ती याच कारणाने.

पण हौसेने सगळंच वजन पुढे लोटू नका. मागची चाकं हलकी झाली की ती जागीच फिरून धुरळा उडवतात, आणि वळणावर थ्रॉटल सोडताच शेपूट फिरून गाडी उलटं तोंड करते. एका वेळी एकच बदल, मग पाच फेऱ्या, मग पुढचा बदल. डावं-उजवंही बघाच. बगी पुढून-मागून बरोबर मधोमध दोऱ्याने टांगली की कुठली बाजू जड ते लगेच कळतं. हलक्या बाजूला चिकटवायची छोटी वजनं व्हील बॅलन्सिंगवाल्याकडे मिळतात.

दुपारचं एक टेन्शन वेगळंच. शॉकमधलं सिलिकॉन ऑइल उन्हात पातळ होतं. सकाळी वरंब्यावरून टेचात जाणारी गाडी दोन वाजता बेडकासारखी उड्या मारते. त्यावर थोडं घट्ट ऑइल हा उपाय, पण संध्याकाळी तेच ऑइल जड वाटू लागतं. आम्ही दुपारी सरळ आमरस खाऊन झोपतो.

मोटरचा बेत सध्या बारगळलाय. आता पुढच्या टायरची खोल खाचांची जोडी घ्यायचं चाललंय. पुतण्याने टायरचं वजन किती, हे आधी विचारून घेतलं.