उसने दिलेत, दान नाही

तुमच्या फोनमध्ये एक अर्धवट टाइप केलेला मेसेज असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ‘अगं, ते पैसे...’ एवढं लिहून तुम्ही तो खोडला असेल आणि त्याऐवजी ‘कशी आहेस? बऱ्याच दिवसांत बोलणं नाही’ असं पाठवलं असेल. तिकडून ‘मजेत! भेटू या एकदा’ असं उत्तर आलं असेल. भेट झालीच, तर कॉफीचं बिलही तुम्हीच दिलं असेल.

मी हे अडीच वर्षं केलं. त्यातून माझं एक ठाम मत झालंय आणि ते काही जणांना आवडणार नाही. उसने पैसे परत मागण्याची लाज आपण चुकीच्या माणसाच्या पदरात बांधली आहे. घेणारा निवांत असतो आणि देणारा शब्द शोधत बसतो. हे उलटं आहे आणि इथे, परदेशात, ते आपल्या सगळ्यांनाच महागात पडतंय.

आधी माझी गोष्ट सांगते. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये माझी एक जुनी मैत्रीण नवऱ्याबरोबर लीड्सला आली. पुण्यात एमएस्सी करताना आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहिलो होतो. इंग्लंडमध्ये नव्याने घर घेताना काय होतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी, वर पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. पगार महिनाअखेरीला. इथली क्रेडिट हिस्टरी शून्य, त्यामुळे बँक दारात उभी करत नाही. मग कोण देतं? आधी आलेला आपला माणूस देतो. मी १,८०० पाऊंड दिले. ‘दोन पगार झाले की देते,’ ती म्हणाली. ‘होईल गं सावकाश,’ मी म्हणाले. ही माझी चूक होती. तिच्याकडे नंतर येते.

दोनाचे वीस पगार झाले. मधल्या काळात त्यांची गाडी आली, पोर्तुगालच्या सहलीचे फोटो आले. मी त्या फोटोंना लाइकही केलं. मग २०२४च्या फेब्रुवारीत व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ६२४ पाऊंडांवरून १,०३५ वर गेला. मला व्हिसा तीन वर्षांनी वाढवायचा होता. म्हणजे नुसता अधिभारच ३,१०५ पाऊंड, तोही एकरकमी, आणि अर्जाची फी वेगळी. पोस्टडॉकच्या पगारात घरभाडं आणि आईबाबांना पाठवायचे पैसे वजा केले की किती उरतं, हे त्या पगारावर राहिलेल्यांना माहीत आहे. तेव्हा तो मेसेज मी पहिल्यांदा न खोडता पाठवला.

उत्तर आलं, पण तिच्याकडून नाही. पाडव्याच्या कार्यक्रमात आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी मला बाजूला घेतलं. ‘अगं, तिला फार वाईट वाटलंय. परदेशात आपली माणसं कितीशी? पैसा काय, आज आहे उद्या नाही. सोडून दे ना.’

मी घरी येऊन दोन दिवस स्वतःलाच दोष दिला. तिसऱ्या दिवशी राग आला. वहिनींचा तेवढा नाही, पण त्या जे बोलल्या त्याचा आला. कारण हे बोलणं त्यांचं एकटीचं नाही. तुम्हीही ते ऐकलंय, कदाचित कुणाला ऐकवलंयही. म्हणून त्याचा एकेक तुकडा घेऊन बोलू या.

पहिला तुकडा: ‘सोडून दे.’ असं म्हणणाऱ्याचा एक पैसाही त्यात नसतो. दुसऱ्याच्या खिशातून उदार होणं फार सोपं असतं. मला तर कुणीतरी तुकोबांचा दाखलाही दिला. त्यांनी नाही का कर्जखतं इंद्रायणीत बुडवली? बुडवली. पण परंपरेने आलेली ती कथा पूर्ण आठवा. धाकटा भाऊ कान्होबा तयार नव्हता, तेव्हा तुकोबांनी खतांची वाटणी केली. भावाचा अर्धा वाटा भावाला दिला आणि फक्त आपला अर्धा नदीत सोडला. दुसऱ्याची खतं त्यांनी बुडवली नाहीत. आणि ती माणसं दुष्काळात होरपळलेली होती, नवी गाडी घेतलेली नव्हती. तुकोबांचं नाव घेऊन आपण नेमकं कान्होबाच्या वाट्याला हात घालतो.

दुसरा तुकडा: ‘परत आले नाहीत तरी चालेल, एवढेच पैसे द्यावेत.’ हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. मीही तो पूर्वी इतरांना दिला आहे. पण त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. १,८०० पाऊंड बुडाले तरी चालतील असे लोक कोण? ज्यांचं स्वतःचं घर झालं आहे, दोन पगार आहेत ते. म्हणजे मदत करण्याचा हक्क फक्त श्रीमंतांचा. माझ्यासारखीने कुणाच्या अडीअडचणीला उभंच राहायचं नाही. आणि नव्याने आलेल्याला प्रत्यक्षात मदत कोण करतं? श्रीमंत माणूस त्याच्या ओळखीचाच नसतो. त्याला ओळखतो तो दोन वर्षं आधी आलेला विद्यार्थी, शेजारच्या खोलीतला, तोही हातावर पोट असलेला. हा सल्ला पाळला तर आपल्या लोकांमधली हातउसन्याची सगळी व्यवस्थाच बंद पडेल. पैसे परत येतात, या एका भरवशावर ती चालते.

आणि म्हणूनच न फेडणारा फक्त मला बुडवत नाही. माझा पैसा अडकला होता त्या काळात एका विद्यार्थ्याने माझ्याकडे अनामत रकमेसाठी ४०० पाऊंड मागितले होते. मी नाही म्हणाले. पैसे नव्हते हे खरं, पण थोडेफार असते तरी दिले नसते, हेही खरं. त्या मुलाने माझं काय वाईट केलं होतं? दुसऱ्या कुणाचं तरी देणं त्याच्याकडून वसूल झालं.

तिसरा तुकडा सगळ्यांत लाडका: ‘मैत्रीत हिशेब नसतो.’ असं कुणी ठरवलं? आपल्या भाषेत ‘उसनं’ हा वेगळा शब्द आहे. तो दान नाही, आणि सावकाराचं कर्जही नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटीभर परत जायची. वाटी रिकामी पाठवायची नाही, ही आपल्या घरातली रीत. व्याज नाही, कागद नाही, पण परत जाणारच. याला तुसडेपणा कुणी म्हटलं नाही, उलट त्यावरच शेजार टिकायचा. आणि भिशी आठवा. दहा बायका, दर महिन्याला ठरलेली रक्कम, ठरलेली तारीख. त्या तारखेला कुणी पैसे आणले नाहीत तर चारचौघींत विचारलं जायचं, आणि ज्या आज्या-मावश्या हे विचारायच्या त्या आयुष्यभर एकमेकींच्या मैत्रिणी राहिल्या. हिशेब होता म्हणून मैत्री टिकली. पीएचड्या करून परदेशात आलेल्या आपल्याला मात्र तारीख विचारायला संकोच वाटतो.

आता माझी चूक. ‘होईल गं सावकाश’ म्हणून मी मोठेपणा घेतला आणि तारीख घेतली नाही. तारीख नसली की देणं संपत नाही, ते नुसतं मागे पडत राहतं. घेणाऱ्याला रोज थोडी लाज वाटते, मग तो टाळतो, मग टाळण्याची सवय होते. शेवटी ज्याचं देणं आहे त्याचाच त्याला राग येऊ लागतो. माझ्या मैत्रिणीला वाईट वाटलं हे खोटं नसणार. पण ते मी मागितल्यामुळे वाटलं नाही. ते आधीपासून होतं, मी फक्त त्याला तारीख लावली.

तेव्हा काय करायचं? मी केलं ते सांगते.

आधी लिहून मागा, आणि स्पष्ट मागा. ‘जमलं तर बघ’ नको. किती रक्कम, कधी दिली, कधीपर्यंत हवी, एकदम जमत नसेल तर हप्ते किती. चार ओळी पुरतात. खोटं कारण देऊ नका. ‘आईचं ऑपरेशन आहे’ असं सांगून स्वतःचेच पैसे मागण्याची वेळ आपल्यावर का यावी? पैसे तुमचे आहेत, एवढं कारण पुरेसं आहे. समोरून ‘हो, देणं आहे’ असं लेखी आलं तर ते जपून ठेवा.

कायद्याची मुदत माहीत असू द्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये असा दावा करायला साधारण सहा वर्षं मिळतात. १०,००० पाऊंडांपर्यंतची रक्कम असेल तर ती सहसा लहान दाव्यांच्या मार्गाने जाते. वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. त्याआधी दावा करण्याचा इरादा कळवणारं पत्र पाठवायचं आणि उत्तराला वाजवी वेळ द्यायचा, साध्या प्रकरणात १४ दिवस. भारतातल्या मित्राला भारतात पैसे दिले असतील तर घाई करा. तिथे १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या रकमेसाठी मुदत तीनच वर्षांची आहे. ती संपण्याआधी समोरच्याने सहीनिशी देणं मान्य केलं, तर तिथून ती नव्याने मोजली जाते. संकोचात चौथं वर्ष उजाडलं की कोर्टाचं दार बहुधा बंद झालेलं असतं.

पैसे पाठवताना बँकेच्या संदर्भाच्या रकान्यात गंमत म्हणून ‘गिफ्ट’ लिहू नका. ‘उसने’ लिहा, रोमन लिपीत का होईना. उद्या कुणी ‘ती तर भेट होती’ म्हणालं, तर तो एक शब्द तुमच्या बाजूने बोलेल.

काही गोष्टी मात्र करायच्या नाहीत. ग्रुपवर नाव घेऊन अब्रू काढायची नाही. गावाकडे त्याच्या आईवडिलांना फोन करायचा नाही. ऑफिसात जायचं नाही. आपलं मागणं न्याय्य असताना ते घाणेरडं का करायचं?

आणि समोरचा खरंच अडचणीत असेल तर? नोकरी गेली, आजारपण आलं, घर मोडलं? तरीही विचारा, कारण विचारल्याशिवाय ते कळणारच नाही. मग हप्ता लहान करा, सहा महिने थांबा. सोडून द्यायचे असतील तर सांगून सोडा: ‘हे माझ्याकडून संपलं, आता मनात ठेवू नकोस.’ माफी ही द्यायची वस्तू आहे, ती बोलून द्यावी लागते. मनात कुढत गप्प बसणं म्हणजे माफ करणं नव्हे. ते नुसतं घाबरणं आहे.

मी पत्र लिहिलं. त्यात १४ दिवस दिले होते, आणि दर महिन्याला २०० पाऊंड चालतील असंही लिहिलं होतं. बाराव्या दिवशी पहिला हप्ता आला. मे २०२४ ते जानेवारी २०२५, नऊ हप्ते. शेवटच्या हप्त्यानंतर मी ‘मिळाले, सगळे फिटले’ असं लिहिलं. त्यावर निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. आज आम्ही बोलत नाही.

‘बघ, गेली ना मैत्री?’ असं वहिनी म्हणाल्या. गेली. मला त्याचं दुःख आहे. खोलीतल्या एकाच हीटरवर आम्ही आळीपाळीने मॅगी केलेली आहे, ते विसरता येत नाही. पण ती मैत्री पत्राने गेली नाही. अडीच वर्षं मी तिच्याशी जे खोटं खोटं हसून बोलत होते, त्यात ती गेली. पहिल्या तीन महिन्यांत सरळ विचारलं असतं तर कदाचित वाचलीही असती.

गेल्या सप्टेंबरमध्ये एका नव्या विद्यार्थिनीला मी ५०० पाऊंड दिले. देतानाच तारीख ठरवली आणि दोघींनी मेसेजमध्ये ती लिहिली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ठरल्या दिवशी पैसे आले, आणि ते द्यायला ती घरी आली तेव्हा डब्यात बेसनाचे लाडू घेऊन आली. रिकामा डबा मीही परत पाठवला नाही.

तेव्हा तो मेसेज उघडा. ‘कशी आहेस’ खोडा. रक्कम लिहा, तारीख लिहा आणि आज रात्रीच पाठवा. आणि पाडव्याला, दिवाळीला कुणी दुसऱ्याला ‘सोडून दे ना’ म्हणताना दिसलं, तर त्यांना एवढंच विचारा: तुमच्या वाट्याचे किती आहेत यात?