मर्यादा पगाराची, उधारी उद्याची

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल मैदानावर जितका ताकदीचा, तितकाच मैदानाबाहेर हिशेबाचा खेळ आहे. नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) ३२ संघांपैकी कोणाचाही मालक कितीही धनाढ्य असला, तरी खेळाडूंच्या पगारावर त्याला ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च दाखवता येत नाही. १९९४ मध्ये ही मर्यादा प्रत्येक संघासाठी ३ कोटी ४६ लाख डॉलर होती; २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलरवर पोहोचली. मर्यादा आठपट वाढली, तरी दर मार्चमध्ये करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडला, की काही संघ हात पोळून घेतातच.

याचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. करारावर सही करताना खेळाडूला मोठी रक्कम आगाऊ दिली जाते. ती त्याच्या हाती लगेच पडते. संघाच्या खात्यात मात्र ती जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून दाखवता येते. पाच कोटी डॉलर दिले, तर दरवर्षी एक कोटीच मोजले जातात. परंतु दोन वर्षांनी तो खेळाडू नकोसा झाला, तर उरलेले तीन कोटी संघाच्या माथी येतात. खेळाडू संघात नसतो, त्याचा बोजा मात्र मर्यादेतील जागा अडवून बसतो. ऋण काढून सण साजरा करण्याचाच हा प्रकार.

वॉशिंग्टनने २००९ मध्ये बचावफळीतील अल्बर्ट हेन्सवर्थशी सात वर्षांचा, १० कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. त्यातील ४ कोटी १० लाख डॉलरची हमी होती. दोन हंगामांत तो केवळ २० सामने खेळला, प्रशिक्षकांशी त्याचे बिनसले आणि २०११ मध्ये संघाने त्याला न्यू इंग्लंडकडे धाडून दिले. डेन्व्हरने २०२२ मध्ये अदलाबदलीत घेतलेल्या रसेल विल्सनला नवा मोठा करार दिला आणि दोनच हंगामांनी, २०२४ मध्ये, मुक्त केले. त्यापायी संघाच्या खात्यावर दोन वर्षांत मिळून ८ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा राहिला. तरीही २०२४ च्या हंगामात डेन्व्हरने बाद फेरी गाठली, कारण विल्सनच्या जागी आलेला नवोदित बो निक्स अत्यंत स्वस्त करारावर खेळत होता. प्रत्येक संघाच्या नशिबी असा निक्स नसतो.

मग जोखीम टाळावी, हा सोपा निष्कर्ष. पण तोही फसवा आहे. २००६ मध्ये ड्रू ब्रीसच्या खांद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती. मायामीच्या डॉक्टरांना त्याच्या खांद्याची खात्री वाटेना, म्हणून त्या संघाने डाँटे कल्पेपरला पसंती दिली. गंमत अशी, की कल्पेपरचाही गुडघा २००५ मध्येच जायबंदी झाला होता. त्या हंगामात तो मायामीसाठी चारच सामने खेळू शकला. चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या न्यू ऑर्लिन्सने ब्रीसशी सहा वर्षांचा, ६ कोटी डॉलरचा करार केला. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने त्या शहराला पहिलेवहिले सुपर बाऊल जिंकून दिले. अलीकडचे उदाहरण सॅकॉन बार्कलीचे. चेंडू घेऊन धावणारे खेळाडू लवकर झिजतात, या समजापोटी न्यूयॉर्क जायंट्सने २०२४ मध्ये त्याला जाऊ दिले. फिलाडेल्फियाने त्याला तीन वर्षांसाठी सुमारे पावणेचार कोटी डॉलर देऊ केले. त्याच हंगामात तो २००५ यार्ड धावला आणि संघ विजेता ठरला.

हेन्सवर्थ आणि बार्कली यांच्यातील फरक केवळ नशिबाचा नव्हे. बार्कलीचा करार आटोपशीर होता. तो फसला असता, तरी संघ कोलमडला नसता. म्हणजे खेळाडू किती मोलाचा, या प्रश्नाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो: अंदाज चुकला, तर त्याला सोडण्याची किंमत किती? क्लीव्हलँडने २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनला २३ कोटी डॉलर संपूर्ण हमीने देताना हा दुसरा प्रश्न विचारला नाही. बंदी आणि दुखापतींमुळे पहिल्या तीन हंगामांत तो १९ सामनेच खेळला. करारातून सुटण्याची वाट मात्र संघाने स्वतःच बंद करून ठेवली होती.

न्यू ऑर्लिन्सची पुढची कहाणी अधिक बोलकी आहे. ब्रीसच्या उत्तरार्धात विजेता संघ टिकवण्यासाठी त्यांनी करारांचा भार वर्षानुवर्षे पुढे ढकलला. मर्यादा दरसाल वाढत होती, तोवर हे निभावले. महामारीमुळे २०२१ मध्ये ती १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाख डॉलरवर घसरली. त्याच वर्षी ब्रीस निवृत्त झाला आणि हिशेब चुकता करण्याची पाळी आली. जम बसलेल्या खेळाडूंवर पाणी सोडावे लागले. २०२१ ते २०२४ या चारही हंगामांत संघाला बाद फेरी दिसली नाही. ज्या शहराने धाडसाचे फळ चाखले, त्यालाच उधारीचे व्याजही भरावे लागले.