संरक्षण अंतराळ संस्थेचे प्रमुख
संरक्षण अंतराळ संस्थेचे प्रमुख हे भारताच्या भूदल, नौदल व वायुदल यांच्या अंतराळविषयक कार्याचा समन्वय साधणाऱ्या संयुक्त संस्थेचे नेतृत्व करतात. संस्थेचे मुख्यालय बंगळूर येथे असून ती एकात्मिक संरक्षण मुख्यालयाच्या अधीन आहे. एअर व्हाइस मार्शल एस. पी. धारकर यांची २०१९ मध्ये पहिले प्रमुख म्हणून नियुक्ती झाली.

भूमिका

अमेरिकेने २० डिसेंबर २०१९ रोजी स्वतंत्र अंतराळ दल स्थापन केले. त्याचे प्रमुख चार तारांकित जनरल असून ते संयुक्त सेनाप्रमुखांच्या मंडळाचे सदस्य असतात. भारतात अंतराळ दल स्वतंत्र नाही आणि संस्थेच्या पहिल्या प्रमुखांचा हुद्दा दोन तारांकित होता. उपग्रहांची निर्मिती व प्रक्षेपण प्रामुख्याने इस्रो करते. २७ मार्च २०१९ रोजीची उपग्रहभेदी चाचणी ‘मिशन शक्ती’ ही डीआरडीओने पार पाडली. त्यामुळे या पदाचे स्वरूप थेट आदेशापेक्षा समन्वयाचे अधिक आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेस केंद्र सरकारने मंजुरी दिली. उपग्रहांची संख्या वाढत असताना, संकटकाळी त्यांच्या वापराबाबत अंतिम निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.