आधी पाट बघा, मग चौकोन काढा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट दाखवायला येतात तेव्हा पहिल्याच पानावर चौकोन असतात. चौकोनांना जोडणारे बाण, कोपऱ्यात एक ढग. हे वापरणार कोण, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'युजर.' या युजरला त्यांच्यापैकी कोणीही भेटलेलं नसतं.

पेणच्या मुलांनी असं करावं याचा मला राग येतो. गरजा समजून घ्यायची शाळा त्यांच्या दारात आहे. हमरापूर, जोहे इथल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसा. कारखानदार म्हणेल, "ऑर्डरींसाठी एक ॲप करून द्या." तेवढं लिहून घेऊन जो उठला, त्याचं विश्लेषण तिथेच संपलं. जो बसून राहील त्याने पुढचा प्रश्न विचारावा: "काका, ऑर्डर पक्की झाली हे तुम्हाला कळतं कशावरून?"

काका भिंतीकडे बोट दाखवतील. तिथे पाटांची चळत असते. गिऱ्हाईक आपला पाट आणून देतं, त्यावर खडूने नाव. नाव थोरल्या भावाचं, पैसे धाकटा देणार, मूर्ती न्यायला येणार भाचा. म्हणजे ऑर्डरची खरी नोंद पाटावर आहे, वही तिच्या मागून चालते. तुमच्या ॲपने पाटाला ओळखलं नाही, तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी दारात भांडण ठरलेलं.

आणखी बसलात तर दिसेल की एका छपराखाली दोन धंदे आहेत: एक हा पाटाचा, दुसरा घाऊक. न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती घाऊक भावाने बाहेरगावी जातात, परदेशच्या मूर्ती बोटीने जायच्या म्हणून कित्येक महिने आधी निघतात. त्यांना पाट नाही, भाचा नाही. साचा, उंची आणि नग एवढं पुरतं. हे दोन धंदे सॉफ्टवेअरमध्ये वेगळेच ठेवावेत. ते एकत्र येतात ते साच्यांपाशी आणि कामाच्या हातांपाशी. त्यातला सगळ्यात महागडा हात डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा. तो हात रोज किती मूर्ती उरकतो, त्यावर कारखान्याने किती ऑर्डरी घ्याव्यात हे ठरतं. आर्किटेक्चरचा पहिला चौकोन त्याचा. लॉगिनचं पान नंतर.

बाकीच्या अटी कोणी तोंडाने सांगत नाही. हाताला माती किंवा रंग असतो, तेव्हा टायपिंग कमीत कमी हवं. पावसात वीज जाते, नेटवर्क जातं. नोंद आधी फोनवरच व्हावी, जुळणी मागाहून. मुदतवाढ हा प्रकारच नाही. आणि एका कारखान्याची गर्दी ती केवढी? साधा डेटाबेस सहज झेलेल. मायक्रोसर्व्हिसेस कशाला, हे मला आजवर कोणत्याही विद्यार्थ्याने समजावलेलं नाही.

नियम मात्र बदलतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांपासून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपी) मूर्तींचा घोळ सुरू आहे. 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मूर्ती घडवायला आणि विकायला वाट करून दिली, विसर्जनावर अटी राहिल्या. शाडू की पीओपी, ही नोंद आणि तिचे नियम वेगळ्या कप्प्यात असतील तर निकाल आला की तेवढाच कप्पा उघडायचा. मूर्तीच्या नोंदीतच नियम कालवले असतील तर ऐन हंगामात सगळं उसवायचं.

फ्रेड ब्रुक्सने 1986 मध्येच लिहून ठेवलं होतं की सॉफ्टवेअरमधलं सर्वांत अवघड काम म्हणजे नेमकं काय बांधायचं हे ठरवणं. अभ्यासक्रमात त्याचं नाव असतं, कारखान्याची फेरी नसते.

कारखाना नसेल तरी अशी शाळा सापडते: रोह्याच्या मुलांसाठी त्यांचं स्टेशन आहेच. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. मडगावच्या गाडीत डुलक्या घेणाऱ्याला याचा पत्ता नसतो, आणि दोन यंत्रणांचा सांधा असाच असावा. पुढच्या मार्गावर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग उतरवला जातो. तशी मागणी एकाही प्रवाशाने केलेली नाही. प्रवाशाला विचाराल तर तो वेग वाढवाच म्हणेल. ती अट दरडींची आहे. ती कळायला रुळांवर गस्त घालणाऱ्या माणसाशी बोलावं लागतं, आणि तेही जुलैत.