माळेच्या ओळखीवर विकले जाणारे पाणी



पाण्याचे एक यंत्र सध्या वारकऱ्यांच्या घरात शिरू पाहत आहे. ते स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवायचे, नळाला जोडायचे आणि त्यातून निघणारे ‘अल्कलाइन’, म्हणजे क्षारधर्मी पाणी प्यायचे. त्याने गुडघेदुखी थांबते, साखर उतरते, रक्तदाब ताळ्यावर येतो, रक्तातले ‘आम्ल’ निघून जाते, असे सांगितले जाते. मोठ्या यंत्रांची किंमत लाखांत असते. आणि ते घेऊन येणारा पुष्कळदा अनोळखी नसतो. तो सप्ताहात आपल्या शेजारी उभा राहिलेला टाळकरी असतो, दिंडीत एका पंगतीला जेवलेला सोबती असतो, नाहीतर नात्यातला माळकरी असतो. तो आधी पाया पडतो, ‘माउली’ म्हणतो आणि मग पिशवीतून बाटल्या काढतो.

हे यंत्र घ्यावे का, असा प्रश्न तुमच्यापुढे आला असेल तर उत्तर आधीच सांगतो: घेऊ नये. आणि माळेच्या ओळखीवर ते दुसऱ्याला तर मुळीच विकू नये. असे का म्हणतो, ते आता क्रमाने पाहू.

आधी त्या बाटल्यांचा खेळ पाहू. विक्रेता दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात तुमच्या घरचे आणि दुसऱ्यात यंत्राचे. दोन्हींत औषधाचे थेंब टाकतो. तुमचे पाणी पिवळट किंवा हिरवट दिसते, त्याचे निळे-जांभळे होते. मग तो थंड पाण्यात चहाची पुडी बुडवतो. त्याच्या पाण्यात ती चटकन रंग सोडते. आयोडीनने तपकिरी झालेले पाणी त्याच्या ‘तीव्र’ पाण्याने बिनरंगी होते. घरातली म्हातारी माणसे तोंडात बोट घालतात.

पण माउली, रंग बदलण्याचे नवल पंढरीच्या वारकऱ्याला कशाला वाटावे? आपण दरवर्षी पंढरपुराहून कुंकू आणतो. ते कसे होते? पिवळ्या हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीत चुना कालवून बघा. धोतरावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तोच क्षार, तोच रंगाचा पालट. चहात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, तो काळपट होतो. लिंबू पिळा, तो फिका पडतो. रंग बदलला म्हणजे पाण्यात क्षार आहे, एवढेच त्यातून कळते. रोग बरा होतो, हे त्यातून कळत नाही. हळदीचे कुंकू झाले म्हणून कोणी ते दुखणाऱ्या गुडघ्यावर औषध म्हणून लावत नाही.

आता यंत्राच्या आत काय चालते ते पाहू. आत धातूच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज जाते आणि पाण्याचे दोन प्रवाह होतात, एक क्षाराचा आणि एक आम्लाचा. क्षाराचा तुमच्या पेल्यात येतो, आम्लाचा दुसऱ्या नळीने बाजूला जातो आणि बहुतेक घरांत मोरीत वाहून जातो. म्हणजे पेलाभर पाणी पिण्यासाठी आणखी थोडे पाणी सांडायचे. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात, तिथे हे यंत्र ओट्यावर शोभेल का, तुम्हीच सांगा. शिवाय बोअरच्या जड पाण्याने त्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो आणि त्या वरचेवर साफ कराव्या लागतात. उलट आरओचे पाणी वापरले तर त्यात खनिजे फारशी उरलेली नसतात, म्हणून यंत्राचे काम नीट होत नाही.

पाणी किती आम्ल वा किती क्षार, हे पीएच या मापाने मोजतात. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, हा आकडा 6.5 ते 8.5 इतका असावा असे म्हटले आहे. आणि ही यंत्रे रोज प्यायला सांगतात ते पाणी पुष्कळदा 9 किंवा 9.5 चे असते. ज्या गोष्टीला मानक ‘जास्त’ म्हणते, तिलाच विक्रेता ‘उत्तम’ म्हणतो.

‘शरीरात आम्ल साठते आणि तेच सगळ्या रोगांचे मूळ आहे’, हे या व्यापाराचे बीजवाक्य. देवाने केलेल्या या देहाकडे जरा नीट पाहावे. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. तो तिथे ठेवण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे दिवसरात्र करतात. तुम्ही लिंबाचे सरबत प्या नाहीतर ताक, निरोगी माणसाच्या रक्ताचा आकडा हलत नाही. तो खरोखर हलला तर माणूस दवाखान्यात अतिदक्षता विभागात असतो, ओट्यावरच्या यंत्रासमोर नसतो. आणि प्यालेले पाणी आधी कुठे जाते? जठरात. तिथे अन्न पचवण्यासाठी देवानेच तीव्र आम्ल ठेवले आहे. त्याच्यापुढे या पाण्यातला क्षार फार तोकडा पडतो. क्षाराने रोग जात असते, तर तळहातावर तंबाखूला चुना चोळणाऱ्याला कधी दुखणे आलेच नसते. यंत्राच्या पाण्याहून चुना कितीतरी जास्त क्षारयुक्त असतो.

‘जपान सरकारने मान्यता दिली आहे’, हे दुसरे वाक्य. हे अर्धे खरे आहे. अशी यंत्रे तिथे घरगुती वैद्यकीय उपकरणांत मोडतात. पण ती मान्यता पोटाच्या किरकोळ तक्रारींपुरती आहे. मधुमेह, कर्करोग, संधिवात यांचे नाव त्यात नाही. अर्धे सत्य सांगून उरलेले श्रोत्याला स्वतः जोडू द्यायचे, ही जुनी हातचलाखी आहे. आपल्याकडे तर 1954 सालापासून कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा रोगांवर अमुक वस्तू उपाय आहे, अशी जाहिरात करायला त्याने बंदी घातली आहे. म्हणून हे दावे छापील पत्रकात सहसा सापडत नाहीत. ते तुमच्या ओसरीवर, चहा पिताना, तोंडी केले जातात.

तुम्ही म्हणाल, ‘पण आमच्या काकांना फरक पडला.’ पडला असेल. मी काकांना खोटे म्हणत नाही. दोन लाखांचे यंत्र घरात आले की माणूस आठवणीने दिवसाला आठ-दहा पेले पाणी पितो. चहा कमी होतो, बाटलीतले गोड पेय सुटते. त्याने बद्धकोष्ठ जाते, डोके हलके होते. हा गुण पाणी पिण्याचा आहे. तो माठातल्या पाण्यालाही तितकाच आहे. गुडघ्याचे दुखणे तर आपसुकही कमी-जास्त होते, आणि पैसे मोजल्यावर ‘कमी’ तेवढे लक्षात राहते.

इथपर्यंत फसवणूक फक्त पैशाची आहे. पण पुढची गोष्ट जिवावर बेतणारी आहे. पाण्यावर विश्वास ठेवून कोणी साखरेची गोळी बंद करतो, कोणी रक्तदाबाची. माउली, हे करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध एक दिवसही थांबवू नका. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने तर असले पाणी रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. क्षार सांभाळणारे ते इंद्रियच त्याचे दुबळे झालेले असते.

आणि आपल्या पाण्याचे खरे दुखणे कोणते? ते जंतू आहेत, कुठे खताचे नायट्रेट आहे, कुठे जमिनीतले फ्लोराइड आहे. क्षार वाढवल्याने यातले काहीही जात नाही. यंत्राला जोडलेली कोळशाची गाळणी पाण्यातला क्लोरीनचा वास आणि चव सुधारते; पण फ्लोराइड आणि नायट्रेट काढणे तिचे काम नव्हे. पाण्याची शंका असेल तर आधी ते तपासून घ्या. जिल्ह्यात सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा असते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती तपासणी-पेटी कुठे आहे, ते विचारा. जंतूंची भीती असेल तर पाणी खळखळून उकळा. नाहीतर आरोग्यसेविका देते ते क्लोरीनचे औषध तिने सांगितलेल्या मापाने टाका. दोष काय निघतो ते पाहून मगच गाळणी निवडावी. ती या यंत्राच्या किमतीच्या लहानशा भागात येते.

आता पैशाकडे वळू. हे यंत्र एवढे महाग का? आतल्या पट्ट्यांचा खर्च आहेच. पण ही यंत्रे जिथे साखळीने विकली जातात, तिथे एका यंत्राच्या किमतीतला वाटा वरच्या माणसाला, त्याच्या वरच्याला आणि त्याच्याही वरच्याला जातो. म्हणून विक्रेता यंत्र विकून थांबत नाही. तो म्हणतो, ‘तुम्हीही चार जणांना द्या, तुमचे यंत्र फुकटात पडेल.’ हे वाक्य कानावर पडले की सावध व्हा. तुमचे यंत्र फुकटात पडते, याचा अर्थ त्या चौघांनी तुमचे पैसे भरले. मग त्या चौघांनी सोळा जण शोधायचे, सोळांनी चौसष्ट. सहावी पायरी आली की गावातली घरे संपतात आणि शेवटच्या पायरीवर उभा असलेला हप्ते भरत बसतो. आणि शेवटच्या पायरीवर कोण असतो? ज्याची ओळख सर्वांत कमी आणि गरज सर्वांत जास्त, तोच. माणसे जोडण्याच्याच पैशावर चालणाऱ्या असल्या उतरंडीला सरकारच्या 2021 च्या थेट विक्री नियमांनी बंदी केली आहे. पण दारात आलेला माणूस नियमाचे नाव घेत नाही, माउलींचे घेतो.

तुकोबांनी सावकारीची आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली आणि कुळांना मोकळे केले, ही कथा आपण किती कीर्तनांत ऐकली! गाडगेबाबांनी जन्मभर गावोगाव सांगितले की कर्ज काढू नका. आणि त्यांचेच नाव घेणारे आपण, पाण्याच्या नावाने हप्त्याच्या कागदावर सही करायची आणि दिंडीतल्या सोबत्यालाही करायला लावायची? कीर्तन करून मोल घेणाऱ्याला तुकोबांनी सोडले नाही. मग कीर्तनाच्या ओळखीचे मोल घेणाऱ्याला त्यांनी काय म्हटले असते?

माळ घालताना आपण काय वचन देतो, ते आठवा. परद्रव्याची अभिलाषा धरणार नाही. मांस-मद्य सोडणे सोपे असते, कारण ते समोर दिसते. परद्रव्य मात्र पुष्कळदा ‘तुमच्याच भल्यासाठी’ असा वेष घालून येते. माळकऱ्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, तो शेकडो वर्षांच्या पायी चालण्यातून कमावलेला आहे. तो एकट्या तुमचा नाही, माझाही नाही. तो पूर्वजांनी ठेवलेला ठेवा आहे आणि कमिशनसाठी तो मोडायचा अधिकार कोणालाच नाही. उद्या ‘राम कृष्ण हरी’ ऐकल्यावर समोरच्याच्या मनात ‘आता हा काय विकणार’ असा प्रश्न आला, तर ते नुकसान कोणत्याही हप्त्याने भरून निघणार नाही.

काही जण म्हणतात, ‘पाण्याला तीर्थ मानणारे तुम्ही, मग या पाण्यावर एवढा राग का?’ राग पाण्यावर नाही. नाथबाबांची गोष्ट आठवा. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली. तिथे त्या पाण्याला जे मोल आले, ते कोणत्या मापाने मोजाल? दिवे घाटाच्या चढावर भर उन्हात कोणी अनोळखी माणूस तांब्या पुढे करतो आणि पैसे विचारत नाही. तोच आपल्या संप्रदायाचा पाण्याशी असलेला नाता. ते पाणी द्यायचे असते. त्याचा रंग पालटून दाखवून सोबत्याला कर्जात घालणे, हे आपले नव्हे.

ज्यांनी यंत्र आधीच घेतले आहे, त्यांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. घेणारा बहुतेक वेळा घरच्यांच्या काळजीपोटीच घेतो. त्यांना एवढेच सांगणे: औषधे चालू ठेवा. व्यवहार ताजा असेल तर परत करण्याची मुदत कागदावर शोधा. कोणी दाद देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि गेलेले पैसे दुसऱ्या माळकऱ्याकडून वसूल करायला निघू नका. नुकसान आपल्या दारात थांबवणे, हीसुद्धा सेवाच आहे.

दिंडीचालकांना आणि सप्ताह कमिट्यांना एक विनंती. मंडपात आणि मुक्कामाच्या जागी कोणत्याही आरोग्य-यंत्राचे प्रात्यक्षिक होऊ देऊ नका, मग ते करणारा कितीही मोठा देणगीदार असो. त्याऐवजी आपल्या गावचे पिण्याचे पाणी तपासून घ्या आणि त्याचा निकाल मंदिराच्या फळ्यावर लावा. त्या फळ्यापुढे श्रीमंत आणि गरीब दोघांनाही एकच पाणी दिसेल.

राम कृष्ण हरी.