वर्गणी परवडेल, पण हजेरी?

बदलापूरला आमच्या शेजारच्या मुलाला त्याच्या कुत्र्याला अडथळ्यांच्या शर्यतीसाठी तयार करायचे आहे. क्लबची वर्गणी आणि दर रविवारची सक्तीची हजेरी ऐकून घरी कुरकुर सुरू झाली. हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात प्रथम दाखवला गेला. त्याला उड्यांच्या दांड्या, बोगदे, मोठे मैदान लागते. वर्गणी त्यातच जाते. ती हप्त्याने घ्यावी, किंवा जो मैदान आवरेल त्याला सवलत द्यावी. हजेरीत मात्र सवलत नको, असे माझे मत. मालकाची खूण कुत्र्याला सरावानेच कळते. मुंबईपर्यंत लोकलने जाऊन-येऊन दमलेल्याला रविवारी झोप हवी असते, हे खरे. पण कुत्रा आठवडाभर दाराकडेच बघत बसलेला असतो. तुम्हाला काय वाटते?